‘ओव्हरकिल’मध्ये गोळी वाया कशी घालवू नये

‘द हाउस ऑफ द डेड: ओव्हरकिल’ हा गेम पडद्यावर जितका उधळा दिसतो, तितकाच तो हिशोबाला कडक आहे. रक्ताच्या चिळकांड्या, उडणारी मुंडकी आणि चारही बाजूंनी अंगावर येणारी सडकी माणसे पाहून नव्या खेळाडूला असे वाटते की, ट्रिगर दाबून धरला की आपले काम झाले. गेम तसा खेळताही येतो आणि शेवटपर्यंत पोहोचताही येते. परंतु स्कोअर, पैसा आणि पुढे उघडणारी खरी मजा न चुकलेल्या गोळ्यांतून मिळते. म्हणून या मार्गदर्शनात गोळी कधी झाडावी याइतकेच ती कधी झाडू नये यावर लिहिले आहे.

सेगा या जपानी कंपनीने १९९०च्या दशकात आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर, बंदूक हातात घेऊन खेळण्याची ‘हाउस ऑफ द डेड’ ही मालिका सुरू केली. तिच्यातला हा विनोदी अवतार हेडस्ट्राँग गेम्स या ब्रिटिश कंपनीने तयार केला आणि फेब्रुवारी २००९मध्ये तो निन्टेंडोच्या वी या यंत्रासाठी बाजारात आला. कथा मालिकेतल्या पहिल्या गेमच्याही आधीची, म्हणजे १९९१ची आहे आणि ती अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातील बायू सिटी या गावात घडते. एजंट जी हा सुटाबुटातला नवखा सरकारी माणूस आणि आयझॅक वॉशिंग्टन हा तोंडाळ डिटेक्टिव्ह असे दोघे पापा सीझर नावाच्या गुंडाच्या मागावर निघतात, एवढेच कथानक सुरुवातीला लक्षात ठेवले तरी पुरते. अमेरिकेत एके काळी स्वस्त थिएटरांतून लागोपाठ दाखवल्या जाणाऱ्या भडक सिनेमांची ही जाणूनबुजून केलेली नक्कल आहे, त्यामुळे चित्रावर ओरखडे आणि रेघा दिसल्या तर तो ग्राफिक्स कार्डाचा दोष समजू नये. सोलापुरात भागवतसारख्या जुन्या टॉकीजमध्ये झिजलेल्या रिळांवर सिनेमे पाहिलेल्या पिढीला या रेघा नव्याने समजावून सांगाव्या लागणार नाहीत.

प्रथम आवृत्तीची निवड करावी. मूळ गेम वीवर आहे. त्याची वाढीव आवृत्ती ऑक्टोबर २०११मध्ये प्लेस्टेशन ३वर आली आणि तिच्यात दोन जादा लेव्हल आहेत. ऑक्टोबर २०१३मध्ये संगणकावर ‘द टायपिंग ऑफ द डेड: ओव्हरकिल’ आला. त्यात कीबोर्डवर शब्द टंकून म्युटंट, म्हणजे तीच सडकी माणसे, मारायचे असतात. पण त्याच पॅकेजमध्ये माऊसने नेम धरून खेळायचा नेहमीचा ‘ओव्हरकिल’ही समाविष्ट आहे. ज्यांच्या घरी संगणक आहे आणि कन्सोल नाही, त्यांच्यासाठी हाच सर्वांत सरळ मार्ग होय. गेम मुळात वीच्या ताकदीवर बेतलेला असल्यामुळे त्यासाठी फार महागड्या संगणकाची गरज भासत नाही.

वी किंवा प्लेस्टेशन ३च्या हातात धरायच्या मूव्ह कंट्रोलरवर खेळणाऱ्यांनी खोलीची तयारी मात्र मन लावून करावी, कारण येथे सोलापूरचे ऊन आडवे येते. वीच्या टीव्हीसमोर ठेवल्या जाणाऱ्या पट्टीत काहीही ‘पाहणारे’ नसते. तिच्या दोन टोकांना केवळ इन्फ्रारेड दिवे असतात आणि ते पाहणारा कॅमेरा हातातल्या रिमोटच्या तोंडाशी असतो. त्या कॅमेऱ्याला दोन ठिपके दिसले की रिमोट कोठे रोखला आहे याचे गणित होते. सूर्यप्रकाशातही इन्फ्रारेड भरपूर असल्याने टीव्हीमागच्या खिडकीतून दुपारचे ऊन आत येत असेल, तर रिमोटला ठिपक्यांचा भ्रम होतो आणि पडद्यावरचे नेमाचे चिन्ह उड्या मारू लागते. मूव्हची रचना याच्या उलट आहे. टीव्हीजवळचा कॅमेरा तुमच्या हातातला प्रकाशमान गोळा शोधत असतो, त्यामुळे तेथे तुमच्या पाठीमागून येणारा उजेड त्रास देतो. दोन्हींवर उपाय एकच आहे, तो म्हणजे खिडकीवर जाड सोलापुरी चादर दुहेरी करून लावणे. मे महिन्यात त्यामुळे खोलीही थोडी गार राहते, हा वरचा फायदा.

संगणकावर खेळताना विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये जाऊन वेगानुसार पॉइंटरची चाल बदलणारी सुविधा बंद करावी. ती चालू असल्यास हात तेवढाच हलवूनही पॉइंटर कधी जवळ तर कधी लांब जातो आणि हाताला अंतराची सवय लागत नाही. टीव्हीला जोडून खेळणार असाल तर टीव्हीचा गेम मोड सुरू करावा. चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही जो क्षणभराचा उशीर करतो, तोच नेम चुकवतो. आणखी एक सूचना फक्त आपल्याकडच्या वाचकांसाठी: शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खाल्ल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय माऊसला स्पर्श करू नये, तेलकट बोटाखाली बटण सटकते.

हा गेम प्रौढांसाठी आहे, हे येथेच नोंदवतो. रक्त आणि आतडी यांचे चित्रण विनोदी असले तरी ते भरपूर आहे. शिवाय संवादांतल्या शिव्यांबद्दल या गेमची गिनेस बुकात नोंद झाली होती; एकच इंग्रजी शिवी त्यात १८९ वेळा येते. एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांनी हेडफोन वापरावेत. आजोबांना इंग्रजी येत नाही या भरवशावर राहण्यात अर्थ नसतो, कारण वॉशिंग्टनचा सूर ऐकूनच अर्थ कळतो.

आता प्रत्यक्ष खेळाकडे वळू. यात चालावे लागत नाही. कॅमेरा ठरलेल्या वाटेने स्वतःच पुढे सरकतो आणि तुमच्याकडे फक्त नेम धरणे, झाडणे आणि बंदूक भरणे एवढीच कामे उरतात. एकही गोळी न चुकवता सलग म्युटंट मारत गेल्यास कॉम्बो, म्हणजे सलग बळींची मोजणी, वर चढतो आणि त्यानुसार प्रत्येक बळीचे गुण वाढत जातात. सर्वांत वरच्या पायरीला गेमने ‘गोरगॅझम’ असे चावट नाव दिले आहे आणि तेथे पोहोचल्यावर कॉम्बो दाखवणाऱ्या मीटरमागे अमेरिकेचा झेंडा झळकतो. मात्र एक गोळी हवेत गेली की हा सारा डोलारा कोसळतो आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागते.

येथेच बहुतेक खेळाडू फसतात. डोक्यात गोळी घातली की म्युटंट लवकर मरतो हे खरे. पण डोके हा शरीराचा लहान आणि सर्वांत हलणारा भाग असतो. ज्याचा हात अजून बसलेला नाही, त्याने डोक्याचा हव्यास धरला की चारपैकी एक गोळी कानाशेजारून निघून जाते आणि डोक्याच्या नेमाने जे कमावले त्याहून अधिक तुटलेल्या कॉम्बोमुळे गमावले जाते. म्हणून सुरुवातीला गळ्याच्या खालचा, छातीच्या वरच्या बाजूचा भाग हेच लक्ष्य ठेवावे. नेम किंचित वर सरकला तर डोके मिळते, खाली घसरला तर छाती मिळते. दोन्हींपैकी काहीही झाले तरी गोळी वाया जात नाही. पहिल्या दोन लेव्हल सहज पार होऊ लागल्यावर मग नेम डोक्याकडे न्यावा.

चालणाऱ्या म्युटंटचे डोके दोन्ही बाजूंना झुलते, हे बारकाईने पाहावे. झुलत्या डोक्याचा पाठलाग करणे व्यर्थ असते. ते एका टोकाला जाऊन परत फिरताना क्षणभर थांबते. नेमाचे चिन्ह त्या टोकावर आधीच नेऊन ठेवावे आणि डोके तेथे येण्याची वाट पाहावी. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर वाऱ्याने हलणारे फुगे छर्ऱ्याच्या बंदुकीने फोडताना जाणता माणूस जे करतो, तेच येथे करायचे असते. तो बंदूक फुग्यामागे फिरवत नाही, फुगा बंदुकीसमोर येऊ देतो.

पहिल्या लेव्हलमध्ये, म्हणजे पापा सीझरच्या वाड्यात, असा एखादा प्रसंग हमखास येतो. दरवाजा उघडतो आणि अरुंद जागेत तिघे दिसतात. एक अगदी जवळ आहे, पण पाय ओढत येतो आहे. दुसरा मागे उभा राहून काहीतरी फेकण्यासाठी हात वर करतो आहे. तिसरा सर्वांत लांब आहे, मात्र धावत सुटला आहे. सहजप्रवृत्तीने प्रत्येकजण जवळच्यावर गोळी झाडतो आणि तेवढ्यात मागून आलेली वस्तू तोंडावर आदळते. क्रम अंतरावर ठरवू नये, तुम्हाला इजा पोहोचण्यास कोणाला किती वेळ लागेल यावर ठरवावा. प्रथम हात उचललेला, मग धावणारा आणि शेवटी लंगडा, असा क्रम लावला की तिघांनाही घाई न करता मारता येते. फेकणाऱ्याला मारण्यास उशीर झालाच, तर त्याने भिरकावलेली वस्तू हवेत असताना फोडावी. ती सरळ तुमच्याकडे येत असल्याने क्षणोक्षणी मोठी होत जाते, म्हणून ती थोडी जवळ येऊ देणे अधिक सोयीचे पडते.

बंदूक भरण्याचीही शिस्त लावून घ्यावी. गोळ्या संपेपर्यंत झाडत राहण्याऐवजी कॅमेरा वळत असताना, पात्रे आपसांत शिवीगाळ करत असताना किंवा दार उघडण्यापूर्वीच्या क्षणी रीलोड करावे. घट्ट गर्दीत गोळ्या संपल्याच, तर तेथे भरत बसण्याऐवजी दुसरी बंदूक काढावी. एका वेळी दोन बंदुका बाळगता येतात, त्या याचसाठी.

लेव्हल पार करताना मिळणाऱ्या पैशांतून नव्या बंदुका घेता येतात आणि हातातल्या बंदुकीची ताकद, गोळ्यांची संख्या, भरण्याचा वेग यांत सुधारणाही करता येते. माझे मत असे की, पहिले पैसे नव्या बंदुकीवर खर्च करू नयेत. सुरुवातीला मिळणाऱ्या मॅग्नम पिस्तुलातच ते घालावेत, विशेषतः ताकद आणि गोळ्यांची संख्या यांत. सुधारलेले मॅग्नम अखेरपर्यंत साथ देते आणि एका दाबाला एकच गोळी सुटत असल्याने हाताला वळणही लागते. दुसरी बंदूक शॉटगन असावी. तिचे छर्रे पसरतात, त्यामुळे जवळच्या गर्दीत नेम थोडा इकडेतिकडे झाला तरी काहीतरी लागतेच. लांबच्या एकट्यादुकट्यावर मात्र ती काढू नये. धडाधड झाडणाऱ्या स्वयंचलित बंदुकांचा मोह सर्वांनाच पडतो. त्यांच्या दहा गोळ्यांतल्या दोन जरी भिंतीत गेल्या तरी कॉम्बो गेला, हे लक्षात घेऊन त्या बॉसपुरत्या, म्हणजे लेव्हलच्या अखेरीस येणाऱ्या मोठ्या शत्रूपुरत्या, राखून ठेवाव्यात.

वाटेत पडलेल्या वस्तू गोळी मारून उचलायच्या असतात. औषधपेटी, हातबॉम्ब, काळाची गती मंद करणारा ‘स्लो मो फो’ आणि सोनेरी मेंदू यांचा त्यांत समावेश होतो. औषधपेटी समोर दिसत असताना तुमची तब्येत पूर्ण असेल तर दोघांच्या खेळात ती जोडीदारासाठी सोडता येते. मंद गतीचा उपयोग बहुतेकजण जीव वाचवण्यासाठी करतात. त्याहून चांगला उपयोग म्हणजे कॉम्बो वरच्या पायरीला असताना गर्दीवर सावकाश, एकेक गोळी मोजून झाडणे. हातबॉम्ब जपून ठेवण्यात शहाणपण नाही, जिवंत असतानाच ते कामाचे असतात. ठिकठिकाणी ओलीस अडकलेली सामान्य माणसेही दिसतात. त्यांना वाचवल्यास लेव्हलच्या शेवटी अधिक गुण मिळतात, पण ती म्युटंटच्या अगदी लगत उभी असतात आणि घाईत झाडलेली गोळी त्यांनाच लागण्याची शक्यता असते. माणूस ओरडतो, म्युटंट गुरगुरतो; आवाजाकडे लक्ष दिल्यास पडद्याच्या कडेला कोण आहे हे दिसण्याआधीच कळते.

कथेत मूळ सात लेव्हल आहेत: वाडा, इस्पितळ, जत्रा, रेल्वे, दलदल, तुरुंग आणि शेवटचा ‘ओव्हरकिल’ या नावाचाच भाग. प्रत्येकीच्या अखेरीस एक बॉस असतो. बॉसच्या शरीरावरची कमजोर जागा गेम स्वतःच खूण करून दाखवतो आणि बॉस वार करण्याच्या बेतात असताना तेथे पुरेशा गोळ्या लागल्या तर त्याचा वार रोखला जातो. त्यामुळे बॉसशी लढताना संयम थोडा बाजूला ठेवून वेगाने मारा करावा लागतो, परंतु तो खुणेवरच. इतरत्र लागलेल्या गोळ्यांनी काहीच साधत नाही. वाड्यातला जॅस्पर हात न लावता वस्तू अंगावर भिरकावतो, तेव्हा आधी वस्तू फोडाव्यात आणि त्यानंतर त्याच्याकडे वळावे. इस्पितळातली स्क्रीमर, जत्रेतली नायजेल आणि सेबॅस्टियन ही जुळी जोडी आणि रेल्वेमागे लागणारा किड्यासारखा क्रॉलर यांच्याशीही सुरुवातीची काही मिनिटे केवळ वाराची लय पाहण्यात घालवावीत, कारण ती लय फारशी बदलत नाही. शेवटच्या बॉसबद्दल काहीही लिहीत नाही. तो विनोद इतका ओंगळ आहे की तो प्रत्येकाने स्वतःच्या जबाबदारीवर पाहावा.

कथा पद्धतीत मेल्यावर पुन्हा तेथूनच पुढे जाता येते आणि त्यावर मर्यादा नसते, मात्र प्रत्येक वेळी साठलेला स्कोअर निम्मा होतो. लेव्हलच्या सुरुवातीला मरणे म्हणूनच स्वस्त पडते आणि बॉसपाशी मरणे महाग. औषधपेट्यांचा हिशोब करताना हे ध्यानात ठेवावे. संपूर्ण कथा तीन-चार तासांत संपत असल्याने एकेक लेव्हल फार लांब नाही. तरीही वीज जाण्याचा दिवस असेल तर इन्व्हर्टरवर संगणक चालतो की नाही हे आधी पाहून घ्यावे, कारण अर्ध्यावर बंद पडलेली लेव्हल पुन्हा पहिल्यापासून खेळण्याइतके कंटाळवाणे दुसरे काही नाही.

दोघांनी मिळून खेळताना पडदा मधोमध वाटून घ्यावा. डाव्या अर्ध्यावर एकाने आणि उजव्या अर्ध्यावर दुसऱ्याने लक्ष ठेवावे आणि जोडीदार बंदूक भरत असतानाच सीमा ओलांडावी. दोघांनी एकाच म्युटंटवर नेम धरला की एकाच्या गोळीने तो पडतो आणि दुसऱ्याची गोळी रिकाम्या जागेतून जाऊन कॉम्बो तोडते; भावंडांची भांडणे बहुतांश यावरूनच होतात. ‘भरतोय’ आणि ‘माझा’ एवढे दोन शब्द ठरवून घेतले तरी पुरते. सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला एकजण मराठीत आणि दुसरा तेलुगूत ओरडतो अशाही जोड्या जुळतात. त्यात गैर काही नाही, फक्त डावे-उजवे सांगण्याची भाषा खेळ सुरू होण्यापूर्वी ठरलेली असावी.

कथा संपली की ‘डायरेक्टर्स कट’ उघडतो. त्याच लेव्हल येथे अधिक लांब होतात, म्युटंट वाढतात आणि पुन्हा उठण्याच्या संधी तीनच मिळतात. कथा पद्धतीत आळसाने खेळलेल्या माणसाला ही पद्धत इस्पितळाच्या पुढे सरकू देत नाही. येथे उतरण्यापूर्वी कथेतल्या लेव्हल पुन्हा खेळून पैसे जमवावेत आणि मॅग्नम व शॉटगन या दोन्हींच्या सुधारणा पूर्ण कराव्यात. याशिवाय चारजणांना एकत्र खेळता येतील असे तीन छोटे खेळही आहेत. घरी पाहुणे जमलेले असताना ते बरे पडतात, पण नेमाच्या सरावासाठी त्यांचा विशेष उपयोग नाही.

राहिली टायपिंगची आवृत्ती. तिच्यात प्रत्येक म्युटंटच्या अंगावर एक इंग्रजी शब्द किंवा वाक्य झळकते आणि पहिले अक्षर टंकले की तो म्युटंट लक्ष्य म्हणून पकडला जातो. शब्द पूर्ण झाला की म्युटंट फुटतो. चुकीचे अक्षर म्हणजे चुकलेली गोळी. शासनाच्या संगणक टायपिंग परीक्षेसाठी क्लास लावून मिनिटाला ४० शब्दांचा इंग्रजी कोर्स पूर्ण केलेल्या मुलामुलींना ही आवृत्ती माऊसच्या खेळापेक्षा कितीतरी सोपी जाते, कारण त्यांची नजर कीबोर्डवर नसते. त्यांनाही एक नवी सवय मात्र लावावी लागते. परीक्षेत उतारा डावीकडून उजवीकडे सरळ वाचायचा असतो. येथे चार शब्द चार कोपऱ्यांत एकदम उगवतात आणि वेळेचा जो नियम वर वाड्यातल्या प्रसंगात सांगितला, त्यानुसार आधी कोणता टंकायचा हे ठरवावे लागते. लांब वाक्य घेऊन दूरवरून येणाऱ्याला आधी हात घालावा की जवळच्या तीन अक्षरांच्या शब्दाला, असा प्रश्न पडल्यास जवळचा छोटा शब्द आधी संपवावा. तो क्षणात होतो आणि मग लांब वाक्यासाठी हात मोकळा राहतो. काही वाक्ये इतकी चावट आहेत की ती वाचताना हसू येऊन बोटे अडखळतात. त्यावर इलाज असा की, शब्दाचा अर्थ लावत बसू नये, अक्षरे तेवढी पाहावीत.